लास्ट परेडपासून पहिल्या चढणीपर्यंत

डिझेल गाडी थंडीत का सुरू होत नाही, हे ड्रायव्हर सकाळी शोधत बसतो. कारण मात्र बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळी घडून गेलेलं असतं. गाडी उभी कुठे केली, टाकीत डिझेल कुठलं होतं, फिल्टरखालचं पाणी काढलं की नाही, बॅटरीची पकड घट्ट होती का, यावर सकाळची चावी ठरते.

मी साताऱ्याकडचा. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत, तसा मीही गेलो आणि आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर झालो. द्रास, कारगिल, लेह या पट्ट्यात फौजेची स्टॅलियन ही मालगाडी चालवली. निवृत्तीनंतर स्वतःची गाडी घेतली आणि लासलगाव-पिंपळगावचा कांदा काश्मीरला न्यायचा, तिकडून सफरचंद घेऊन वाशीला किंवा पुण्याला उतरायचं, हा धंदा केला. आता गाडी मुलगा चालवतो. बनिहाल-काझीगुंडचा साडेआठ किलोमीटरचा नवा बोगदा २०२१ मध्ये वाहतुकीला खुला झाला, सोनमर्गचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाला. रस्ता सोपा झाला तशी ऐन हिवाळ्यात वर जाणारी आपल्याकडची तरुण पोरं भेटू लागली. निफाडची पाच-सहा अंशांची पहाट हीच त्यांनी पाहिलेली सगळ्यात मोठी थंडी. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

१. या इंजिनाला ठिणगी नाही, उष्णता हीच ठिणगी

पेट्रोल इंजिनात प्लग ठिणगी टाकतो. डिझेलमध्ये ते काम हवेच्या दाबावर आहे. पिस्टन वर येतो, हवा सोळा-सतरा पटींनी दाबली जाते, त्या दाबाने ती पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापते आणि त्यात नोझलमधून डिझेलची फवार पडली की पेट घेते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९०च्या दशकात जे इंजिन उभं केलं त्याचं मूळ तत्त्व हेच, आजच्या गाडीतही तेच.

आता शून्याखाली पंधरा अंशांत काय होतं ते बघा. आत येणारी हवाच गारठलेली. लायनर, हेड, पिस्टन सगळं गार लोखंड, त्यामुळे दाबून तयार झालेली उष्णता ते शोषून घेतं. ऑइल घट्ट, बॅटरी कमजोर, म्हणून सेल्फ इंजिनाला हळू फिरवतो. हळू फिरवलं की हवेला रिंगांच्या फटीतून निसटायला आणि उष्णतेला भिंतीत मुरायला जास्त वेळ मिळतो. त्यात लेहची उंची साडेतीन हजार मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशही भरत नाही, म्हणजे दाबायला हवाच कमी.

अशा वेळी सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. हा धूर म्हणजे न जळता बाहेर पडलेलं डिझेल. इंधन पोचतं आहे, आतली उष्णता कमी पडते आहे, असा त्याचा अर्थ. सेल्फ मारूनही धूर अजिबातच येत नसेल, तर डिझेल नोझलपर्यंत पोचत नाही. बोनेट उघडण्याआधी, केबिन उचलण्याआधी, क्लिनरला मागे उभं करून एवढं एक बघायला सांगा. निम्मा तपास तिथेच होतो.

२. संध्याकाळची अर्ध्या तासाची मेहनत

फौजेत गाडीची तपासणी दिवसातून तीन वेळा होते: निघण्याआधी फर्स्ट परेड, वाटेत थांबल्यावर हॉल्ट परेड आणि दिवस संपल्यावर लास्ट परेड. मैदानातला जवान फर्स्ट परेडला महत्त्व देतो, कारण त्यानंतर लगेच निघायचं असतं. डोंगरातला जुना उस्ताद लास्ट परेडला जास्त जपतो. मला हे द्रासमध्ये पहिल्याच हिवाळ्यात पटलं. जगातली दुसऱ्या क्रमांकाची थंड वस्ती अशी पाटी त्या गावात आहे. तो क्रमांक कुणी कसाही मोजो, रात्री उणे वीसच्या खाली पारा जातो हे अंगावर घेतलेलं आहे.

संध्याकाळी काय करायचं? गाडी वाऱ्याच्या आडोशाला, भिंतीला किंवा दुसऱ्या गाडीला लागून उभी करा. वारा लोखंडाला हवेपेक्षा जास्त गार करू शकत नाही, पण गार होण्याचा वेग फार वाढवतो. आडोशाला उभ्या गाडीचं इंजिन मध्यरात्रीपर्यंत कोमट राहतं, उघड्यावरचं दोन तासांत थंड पडतं. गाडीचं तोंड शक्यतो पूर्वेकडे ठेवा. पहाडात ऊन उशिरा येतं, पण आलं की त्यात जोर असतो, आणि ते आधी रेडिएटरवर पडावं.

टाकी भरूनच झोपा. अर्ध्या रिकाम्या टाकीत ओलसर हवा असते, रात्री तिचं पाणी होतं आणि ते तळाला जमतं. इंजिन गरम असतानाच वॉटर सेपरेटरच्या खालचा नॉब सोडून पाणी काढून टाका. सकाळी ते काढता येत नाही, कारण त्याचा बर्फ झालेला असतो आणि बर्फाने वाटी तडकलेलीही असू शकते. एअर टाक्यांचे ड्रेन ओढून त्यातलंही पाणी काढा. या टाक्यांबद्दल पुढे सांगतो.

थांबायच्या आधी ओल्या रस्त्यावरून किंवा बर्फाच्या चिखलातून आला असाल तर शेवटचा अर्धा किलोमीटर हलके हलके ब्रेक दाबत या. शू आणि ड्रम त्या घर्षणाने वाळतात. ओले लायनर रात्रभर ड्रमला टेकून राहिले की चिकटून गोठतात, आणि सकाळी इंजिन सुरू असूनही चाक फिरत नाही. सपाट, सुरक्षित जागा असेल तर गाडी गिअरमध्ये ठेवून चारही बाजूंनी चाकांना दगड लावायचे आणि हँडब्रेक सोडून ठेवायचा, अशी आमची रीत होती. उतारावर मात्र ही रीत नको. तिथे हँडब्रेकच हवा, चाक चिकटलं तर चिकटू दे.

३. खालचं डिझेल वर नेऊ नका

हा सगळ्यात महागात पडणारा भाग, म्हणून थोडं लांबवतो.

डिझेलमध्ये मेण असतं. उबेत ते विरघळलेलं राहतं. थंडी वाढली की तूप थिजतं तसे त्याचे कण धरू लागतात. आधी डिझेल गढूळ दिसतं, मग ते कण फिल्टरच्या कागदावर बसतात, आणि अजून थंडी पडली तर डिझेल वाहायचंच थांबतं. ड्रायव्हर म्हणतो डिझेल जमलं. प्रत्यक्षात गाडी त्याच्या बरीच आधी अडते, फिल्टर तुंबतो तेव्हाच.

म्हणूनच आपल्या देशाच्या मानकात हिवाळ्याचं आणि उन्हाळ्याचं डिझेल वेगळं धरलेलं आहे. हिवाळा म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा हिवाळी डिझेलला ६ अंश आणि उन्हाळी डिझेलला १८ अंश आहे. पंपावरचं डिझेल पुष्कळदा या मर्यादेपेक्षा बरंच चांगलं असतं, पण आपल्या टाकीत नेमकं कोणतं आहे हे आपल्याला माहीत नसतं. ऑक्टोबरच्या शेवटी उष्ण मुलखात भरलेलं डिझेल नोव्हेंबरमध्ये काझीगुंडला पोचलं, की ते तिथल्या रात्रीसाठी बनलेलंच नसतं.

आमच्या धंद्यात जिथे दर कमी तिथे टाकी काठोकाठ भरायची सवय असते. मालकही तसंच सांगतो. वर जाताना ही सवय बाजूला ठेवा. हिशोब असा करा की पठाणकोटच्या आसपास टाकी तळाला यावी आणि तिथून जम्मूपर्यंतच्या पट्ट्यात, जिथे खप जास्त म्हणजे माल ताजा, तिथे भरावी. लिटरमागे दीड-दोन रुपये जास्त गेले तरी चालतील. रामबन किंवा काझीगुंडला रस्ता बंद म्हणून दोन दिवस उभं राहावं लागलं आणि फिल्टर मेणाने भरला, तर तो सगळा फायदा एका सकाळी जातो.

ही लक्षणं नीट ओळखा, कारण पुष्कळ मेकॅनिक इथे पंपाला दोष देऊन पंप उतरवतात. गाडी सकाळी पहिल्या चावीला सुरू होते, कारण लाइनीत आणि फिल्टरमध्ये आदल्या दिवशीचं थोडं बरं डिझेल असतं. चार-पाच मिनिटं नीट चालते. मग पिकअप जातो, इंजिन आचके देतं आणि बंद पडतं. थोडा वेळ थांबून हँड प्रायमर मारला की पुन्हा सुरू होतं, पुन्हा बसतं. याला पंप जबाबदार नाही. फिल्टर खोलून बघा, कागदावर पिवळट साय दिसेल.

उपाय साधा आहे. नवे फिल्टर दोन तरी सोबत ठेवा. बसवताना फिल्टर स्वच्छ, कोमट डिझेलने भरा, एअर काढा. फिल्टरभोवती जाड फडकं गुंडाळून त्यावर गरम पाणी ओतलं तरी बऱ्याचदा काम भागतं. एकदा इंजिन चालू राहिलं की नोझलकडून टाकीत परतणारं गरम डिझेलच हळूहळू टाकी उबवत आणतं.

लडाखमध्ये जाणार असाल तर गोष्ट वेगळी. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथल्यासाठी खास हिवाळी डिझेल आणलं. पानिपतच्या रिफायनरीत ते बनतं आणि उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. ते आलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला, कारण त्याआधीच्या हिवाळ्यांत तिथल्या माणसांनी डिझेल वाहतं ठेवण्यासाठी काय काय केलं ते मी पाहिलं होतं. कारगिलच्या पुढे जाताना टाकीत हेच असू द्या, आणि खालून आणलेलं जुनं त्यात फार उरू देऊ नका.

रॉकेल मिसळायचा जुना उपाय कुणी सांगेल. जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाड्यांत तो चालून जायचा. आजच्या कॉमन रेल गाडीत पंपाला वंगण म्हणून डिझेलच असतं आणि दाब दीड हजार बारच्या वर जातो. रॉकेल त्या मानाने कोरडं असतं. त्याने पंप आणि इंजेक्टर खरवडून निघतात. पेट्रोल मिसळणं तर सरळ जीवाशी खेळ आहे. टाकीत पेटणारी वाफ तयार होते.

४. ऑइलच्या डब्यावरचा पहिला आकडा

आपल्याकडे सगळीकडे १५डब्ल्यू-४० चालतं आणि महाराष्ट्रात ते उत्तम आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो. १५डब्ल्यू ऑइलची इंजिन फिरवण्याची चाचणी उणे २० अंशांना होते, १०डब्ल्यूची उणे २५ आणि ५डब्ल्यूची उणे ३० अंशांना. श्रीनगरच्या खोऱ्यात, जिथे चिल्लई कलान या ऐन थंडीच्या चाळीस दिवसांतही रात्री पारा साधारण उणे पाच ते आठच्या आसपास असतो, तिथे १५डब्ल्यू भागवून नेतं. द्रासमध्ये ते हद्दीवर येतं. तिथे रोज राहणाऱ्या गाडीत पातळ ऑइल हवं, मात्र ते गाडीच्या कंपनीने पुस्तकात मान्य केलेलंच घ्या.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधलं जाड ऑइल लोक विसरतात. त्याचं पुढे काय होतं ते सातव्या मुद्द्यात येईल.

रेडिएटरबद्दल एकच. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असलं की ते उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं. जास्त चांगलं व्हावं म्हणून नुसतं कूलंट भरणारे भेटतात, आणि ते चुकतात, कारण निव्वळ ग्लायकॉल उणे तेराच्या सुमारालाच गोठतं. मिश्रणच जास्त टिकतं. जुन्या फौजी गाड्यांत रात्री रेडिएटर आणि ब्लॉकचं पाणी सोडून द्यायचे आणि सकाळी गरम करून भरायचे. मोठ्या पातेल्यावर पाणी तापवत बसलेले, हातमोज्यांवर राख उडालेले ते जवान मला अजून आठवतात. आता ती वेळ कुणावर येऊ नये. निघण्याआधी कूलंट तपासून घ्यायला दोन मिनिटं पुरतात.

५. बॅटरी

उणे अठराला बॅटरीची ताकद निम्म्याच्याही खाली येते, आणि नेमकं तेव्हाच इंजिन फिरवायला दुप्पट जोर लागतो. पूर्ण चार्ज बॅटरी उणे पन्नासलाही गोठत नाही. पूर्ण उतरलेली मात्र उणे दहाच्या आसपासच गोठते. फुगलेली, गोठलेली बॅटरी दिसली तर तिला जंपर लावू नका, ती फुटते. आपल्या मोठ्या गाड्यांत बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतात. त्यातली एक जुनी, एक नवी असली की जुनी नवीलाही खाली ओढते. वर जायचं तर जोडी एकाच वयाची असू द्या.

६. जाळ लावू नका

चेंबरखाली शेगडी ठेवणं, टाकीखाली टायरचा तुकडा पेटवणं, ब्लो लॅम्पने पाइप शेकणं. हे मी खूप ठिकाणी पाहिलं आहे आणि दर वेळी गाडीपाशी जाऊन थांबवलं आहे, ओळख असो नसो. जुन्या गाडीच्या खाली लोखंड होतं. आज तिथे नायलॉनच्या एअर लाइनी, वायरिंग, सेन्सर, प्लॅस्टिकच्या क्लिपा असतात. एका धाब्यावर अशाच शेगडीने एका गाडीची वायरिंग धरली. आम्ही सगळ्यांनी माती आणि बर्फ टाकून विझवली म्हणून शेजारच्या गाड्या वाचल्या. तो माणूस नंतर कितीतरी वेळ स्टेअरिंगला हात लावून नुसता बसून होता. वर्षाचं उत्पन्न होतं त्याचं ते.

ऊबच द्यायची असेल तर गरम पाण्याची फडकी, झाकण, आणि वीज मिळत असेल तर इंजिन ब्लॉकचा हिटर. कॅनडा आणि अलास्कात गाड्यांना असा हिटर असतोच, रात्री घराच्या किंवा पार्किंगच्या सॉकेटमध्ये वायर लावून ठेवतात. लडाखमध्ये कायम राहणाऱ्या गाड्यांसाठी मालकांनी याचा विचार जरूर करावा. ईथरचा स्प्रे हवेच्या नळीत मारण्याची सवय असेल, तर आधी गाडीत ग्लो प्लग किंवा इनटेक हिटर नाही ना याची खात्री करा. तापलेल्या हिटरवर ईथर पडलं तर नळीतच स्फोट होतो.

७. चावी कशी फिरवायची

हिटरचा दिवा असलेली गाडी असेल तर तो विझेपर्यंत थांबा. पाहिजे तर चावी बंद करून दुसऱ्यांदा तापवा. लाइट, पंखा, टेप सगळं बंद. क्लच पूर्ण दाबा. न्यूट्रलमध्ये गाडी असली तरी दाबा, कारण क्लच सोडलेला असताना सेल्फला गिअरबॉक्समधलं ते जाड ऑइलही ढवळावं लागतं. क्लच दाबला की सगळी ताकद इंजिनाला मिळते. एवढ्या एका सवयीने सुरू झालेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

सेल्फ दहा ते पंधरा सेकंद मारा, मग दोन मिनिटं थांबा. या दोन मिनिटांत बॅटरी थोडी सावरते, सेल्फची वाइंडिंग निवते आणि सिलिंडरमध्ये आधी तयार झालेली थोडी उष्णता उपयोगी पडते. सलग मिनिटभर सेल्फ मारणारा माणूस बॅटरी आणि सेल्फ दोन्ही घालवतो.

सुरू झाल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबून गुरगुरवू नका. घट्ट ऑइल टर्बोच्या बेअरिंगपर्यंत पोचायला काही सेकंद लागतात, आणि टर्बो त्या वेळी कोरडा फिरत असतो. ऑइलचा दिवा विझू द्या, अर्धा मिनिट तसंच चालू द्या.

८. उभ्या गाडीचं इंजिन गरम होत नाही

मला या सगळ्या लेखात मुख्य सांगायचं आहे ते हे.

गाडी सुरू झाली की तिला तासभर तशीच उभी चालू ठेवायची, चहा-नाश्ता, आंघोळ उरकायची आणि मग निघायचं, ही पद्धत सगळीकडे आहे. लोक ती काळजीपोटी करतात, म्हणून मोडायला अवघड जाते. पण मोकळं चालणारं डिझेल इंजिन इतकं थोडं इंधन जाळतं आणि इतकी जास्त हवा ओढतं, की त्यातून उष्णता फारशी बनतच नाही. उणे दहात उभी गाडी तासभर चालू ठेवली तरी तापमानाचा काटा मध्यावर येत नाही. दरम्यान थंड सिलिंडरमध्ये अर्धवट जळालेलं डिझेल लायनरवरचं ऑइल धुऊन खाली चेंबरमध्ये उतरतं, नोझल आणि व्हॉल्व्हवर काजळी बसते, आणि ताशी दोन-तीन लिटर डिझेल जातं ते वेगळंच.

उभ्याने फक्त इंजिन थोडं उबतं. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, चाकांची बेअरिंगं, टायर, शॉकअब्झॉर्बर, पॉवर स्टेअरिंग यांना त्याचा काहीही उपयोग नाही. ती फक्त चालण्यानेच उबतात. एक तास उभी तापवलेली गाडी पहिल्याच गिअरला करकर वाजते ती यामुळेच.

म्हणून रीत अशी: खोऱ्यातल्या थंडीत तीन ते पाच मिनिटं, द्राससारख्या थंडीत दहा मिनिटांच्या आसपास, शक्य असेल तर हँड थ्रॉटलने हजार-बाराशेच्या फेऱ्यांवर. तेवढ्यात काचा पुसा, टायर बघा, एअर भरू द्या. मग खालच्या गिअरमध्ये निघा आणि काटा हलायला लागेपर्यंत दीड हजार फेऱ्यांच्या वर जाऊ नका. थर्मोस्टॅट ऐंशी अंशांच्या पुढे उघडतो. तोवर इंजिनाकडून पूर्ण ओझं मागायचं नाही.

आता इथेच मुक्कामाच्या जागेचा प्रश्न येतो. नुकतीच सुरू केलेली, माल भरलेली गाडी लगेच चढणीला लागली तर ही सगळी रीत बाद होते. मुक्काम चढणीच्या अगदी पायथ्याशी करू नका. कारगिलहून लेहकडे जाताना संध्याकाळी थोडं आणखी पुढे रेटून मुलबेकला थांबावं असं वाटतं, पण तिथून नमिका लाची चढण फार लांब नाही. त्यापेक्षा अलीकडे थांबलं की सकाळी खोऱ्यातल्या रस्त्यावर गाडीला उबायला वेळ मिळतो, आणि ती चढणीला तयार होऊन येते. रात्रीचा धाबा निवडताना जेवणाबरोबर पुढचे पाच-सात किलोमीटर कसे आहेत हेही विचारा. तिथले लोक आनंदाने सांगतात.

फौजेत रात्री दर दोन-तीन तासांनी गाड्या सुरू करायची ड्यूटी असायची. त्यातही हेच तत्त्व लागू होतं. थंडीने कुडकुडत गेलेला जवान गाडी पाच मिनिटं चालवून बंद करायचा, तर सेल्फने खाल्लेला करंटही परत भरायचा नाही. पहाटेपर्यंत बॅटरी जास्तच उतरायची. सुरू करायची तर वीस-पंचवीस मिनिटं फेऱ्या वाढवून चालवा, नाहीतर हात लावू नका. रेडिएटरपुढे बारदान किंवा पुठ्ठा लावला की या तापवण्याला खरी मदत होते. पूर्ण झाकू नका, मध्ये हातभर मोकळी जागा ठेवा.

९. इंजिन तयार, ब्रेक तयार आहे का?

एअर टाकीत राहिलेलं पाणी रात्री लाइनीत किंवा व्हॉल्व्हमध्ये गोठतं. गेज पूर्ण दाब दाखवतं आणि तरीही मागच्या चाकांना हवा पोचत नाही. हे फार वाईट, कारण हे कळतं ते उतारावर. म्हणून निघाल्यावर पहिल्या पन्नास मीटरमध्ये, सपाटीवर, माणूसकाणूस नसलेल्या जागी ब्रेक दाबून बघा. चारही बाजू धरतात का बघा. एअर ड्रायरची काडतुसं वेळेवर बदला. त्यात पैसे वाचवू नका, एवढंच हात जोडून सांगतो.

१०. केबिनमध्ये इंजिन चालू ठेवून झोपणं

रस्ता बंद आहे, बाहेर बर्फ पडतो आहे, काचा वर आहेत, इंजिन चालू आहे आणि माणूस झोपला आहे. बर्फाने सायलेन्सरचं तोंड बुजलं किंवा मॅनिफोल्डचा गॅस्केट गळत असला, की धूर केबिनमध्ये शिरतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला ते उठवत नाही. कोळशाची शेगडी किंवा कांगडी बंद केबिनमध्ये ठेवणं त्याहूनही घातक. डोकं जड होणं, मळमळणं, पाय गळणं ही लक्षणं थंडीची किंवा उंचीची समजून लोक आणखी काचा बंद करतात.

काझीगुंडला गाड्यांची रांग थांबली की मी रात्री लघवीला उतरताना पुढच्या-मागच्या चार केबिनांवर हाताने थाप मारत जायचो. शिव्या खाल्ल्या, पण आतून आवाज आला की बरं वाटायचं. रजया, कानटोपी, जाड सतरंजी, गरम पाण्याची बाटली, दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर खाली, आणि इंजिन बंद. थंडी सहन होते. इंजिनाची सकाळ नंतर बघता येते.

११. बीएस-६ गाड्यांचं थोडं वेगळं

एप्रिल २०२० नंतरच्या गाडीत युरियाची, म्हणजे डीईएफची टाकी असते. हे द्रावण उणे अकराला गोठतं. घाबरू नका, गाडी त्याच्याविना सुरू होते, आणि इंजिनाचं गरम कूलंट त्या टाकीतून फिरून तिला वितळवतं. त्यात गरम पाणी, मीठ, कूलंट काहीही घालू नका. गोठताना ते फुगतं, म्हणून टाकी काठोकाठ भरू नका. मोकळं चालवण्याची सवय या गाड्यांना जुन्यांपेक्षा जास्त बाधते. सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर थंड धुराने लवकर तुंबतो, आणि मग रीजनरेशनचा दिवा भर घाटात लागतो.

१२. खाली उतरल्यावर

लखनपूर ओलांडलं की रेडिएटरपुढचं बारदान काढा. पंजाबात ऊन लागलं, माल भरलेला, वेग वाढलेला आणि बारदान तसंच, अशाने हेड गॅस्केट गेलेल्या गाड्या पाहिल्या आहेत. टाकीतलं हिवाळी डिझेल खाली बिनधास्त जाळा, त्याने काही होत नाही. रेडिएटर कमी दिसला तर साधं पाणी ओतत राहू नका, कूलंटचं मिश्रणच घाला, कारण पुढची खेप कदाचित आठ दिवसांत परत वरचीच असेल. वापरलेले फिल्टर कापून त्यांचे कागद उघडून बघा. मेण होतं की नुसती घाण, हे कळलं की पुढच्या वेळी कोणत्या पंपावर डिझेल भरायचं ते ठरवता येतं.